वादबंदीचे गाव

ही गोष्ट मला जशी आठवते तशीच घडली का, याची खात्री देत नाही. मध्ये बरीच वर्षे गेली आणि स्वतःच्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही. तरी सांगतो.

फार पूर्वी एका गावात शेताच्या बांधांवरून डोकी फुटत. कंटाळून पाटलाने दवंडी पिटवली, "जो वाद घालील, त्याने गाव सोडावे." डोकी फुटायची थांबली. मात्र जो तो शेजाऱ्याच्या बोलण्याकडे कान लावून बसू लागला.

त्या गावात एक पंतोजी मुलांना शिकवत असे. प्राणी पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे बदलत गेले, माणूस आणि माकड यांचे पूर्वज फार मागे एकच होते, असे त्याने एकदा मुलांना सांगितले. ते देवळातल्या शास्त्रीबुवांच्या कानी गेले. त्यांनी पंतोजीला चावडीवर बोलावले.

"काय हो पंतोजी, तुमचे आजोबा कुठल्या झाडावर राहायचे?" बुवांनी विचारले. चावडी खदखदून हसली.

"मी तसं म्हटलंच नाही, बुवा. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे."

"बरं. तुमच्या या मताला नाव काय?"

"उत्क्रांतिवाद."

"ऐकलंत, पाटील? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. वाद!"

पंतोजीचा तोल गेला. "गेल्या महिन्यात तुम्ही सांगितलेलं ग्रहण लागलंच नाही, बुवा. म्हणजे तुमचा देवही खोटाच!"

एका चुकलेल्या ग्रहणावरून देव खोटा ठरत नाही, हे त्याच्या शाळेतल्या मुलांनाही कळले असते. जे दोघे-चौघे त्याच्या बाजूचे होते, त्यांनीही माना फिरवल्या.

हा नुसता शब्दांचा खेळ तर नसेल, असे पाटलाच्या मनात आले. पण विचारायचे कोणाला? जो तो कोणाच्या तरी बाजूचा. शेवटी त्याने सोपे होते तेच केले. पंतोजी बायकोमुलांसह वेस ओलांडून गेला. शाळेला कुलूप लागले.

पुढे एका एकादशीला बुवा प्रवचनाला बसले. "आज आपण अद्वैतवाद समजून घेऊ."

मागून एक जण उठला. "बुवा, हाही वादच की!"

"अरे, तो वाद वेगळा!"

"पंतोजीही तसंच म्हणाला असता," दुसरा म्हणाला. बुवांनाही जावे लागले.

मग लोकांना जिकडेतिकडे वाद दिसू लागला. 'धन्यवाद' म्हणायलाही माणसे कचरू लागली. अशातच पाटलाच्या मुलाचे लग्न झाले. नवी नवरी पाटलाच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडली. म्हातारी तोंड उघडणार, तोच तिने जमलेल्या पाहुण्यांकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले.

"आई, आशीर्वाद दे ना," पाटील म्हणाला.

"नको रे बाबा. त्यातही वाद आहे. या वयात मला कुठे घालवतोस?"

पाटील त्याच दिवशी पंतोजीला शोधत गेला. "परत चला. चुकलं आमचं."

"आज या म्हणता, पाटील. उद्या कुठल्या शब्दावरून काढाल?" असे म्हणून पंतोजीने दार लावून घेतले.

तात्पर्य: समोरच्याचे म्हणणे खोडायचे तर म्हणणेच खोडावे. शब्द पिरगाळून जिंकले, की पुढे कोणाच्याच शब्दावर विश्वास उरत नाही.

गोष्टीतले तपशील मला आजही पडताळता आलेले नाहीत. एवढे मात्र बऱ्याच वर्षांनी न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राच्या, ग्रंथांत पाहून खात्री करून घेतली: बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला हरवणे, याला तिथे 'छल' म्हणतात. आपला मराठी 'छळ' त्यातूनच आला आहे.