बॉयलर काढ

“म्हणजे वाफेवर विमान उडणारच नाही, असंच ना सर?”

श्रीरंगला धाप लागली होती. आपल्या विमानाचा छोटा नमुना पाठीला बांधून तो पठारावर चढून आला होता.

शालोम पेणकर सरांनी जन्मभर विमानशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते या पठारावर राहायला आले, तरी त्यांचे विद्यार्थी इथवर चढून येत. श्रीरंग त्यांतला सर्वांत हुशार. हे त्यालाही ठाऊक होतं.

“उडणार नाही असं मी कुठे म्हटलं? पूर्वी एकदा उडालंय.”

“मग उडेल म्हणा.”

“तसंही म्हटलं नाही.”

श्रीरंगने नमुना गवतावर ठेवला. मधोमध तांब्याचा छोटा बॉयलर चमकत होता. पेट्रोलवाचून उडणारं विमान करायचं, भुसा जाळा नाहीतर करंजाचं तेल, या ध्यासापायी त्याने चांगली नोकरी सोडली होती. सोबतचे मित्र एकेक करून सोडून गेले होते.

“सकाळी खालच्या रस्त्यावर शेवटचं पेटवून पाहिलं,” तो म्हणाला. “वाफ भरपूर. पंखा नुसता गरगरत होता. विमान धावलं, धावलं... जमीन काही सोडेना.”

त्याने बॉयलरवर बोट ठेवलं.

“पाणी कमी भरलं तर वाफ लगेच संपते. जास्त भरलं तर वजन. वाफ गार करून तेच पाणी परत वापरावं म्हटलं, तर त्या नळ्यांचंच ओझं. बॅटरीवाले मला हसतात. त्यांची बॅटरी काय कापसाची असते?”

“नसते.”

“सोमवारी पंपाच्या कारखान्यात रुजू होतोय, सर. तुम्ही एकदा अशक्य म्हणा. मी सुटतो.”

सर वाकून बॉयलर न्याहाळू लागले.

“म्हणा ना!”

“पाना आणलायस?”

“आणलाय.”

“बॉयलर काढ.”

सर काहीतरी दुरुस्ती सुचवणार, असं वाटून श्रीरंगने भराभर नट सोडवले.

“आता इंजिन.”

त्याचे हात थबकले. मग त्याने तेही काढलं. उरले नुसते पंख, शेपटी आणि पोकळ पोट.

सरांनी एक धोंडा उचलला, विमान बोटांवर तोलून पाहिलं आणि तोल साधेल असा तो नाकाशी करकचून बांधला. मग ते कड्याकडे चालू लागले.

“सर, पुढे दरी आहे!”

“दिसतेय मला.”

“माझ्याकडे हे एकच आहे...”

सरांनी विमान त्याच्या हातात दिलं.

“सोड.”

दरीतून वारा वर येत होता. श्रीरंग कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

शेवटी त्याने डोळे मिटून हात सैल केले.

विमान खाली गेलं. श्रीरंगच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. त्याने डोळे उघडले, तोवर विमान वाऱ्यावर रेललं होतं. कड्याच्या कडेकडेने ते सरकत गेलं, वर चढलं, सावकाश वळलं, पुन्हा चढलं. बराच वेळ ते तसंच वर तरंगत राहिलं. मग वाऱ्यानेच त्याला पठारावर ढकललं आणि ते दोघांच्या डोक्यावरून जाऊन गवतात टेकलं.

श्रीरंग धावत सुटला. विमान उराशी धरून परत आला, तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“पाहिलंत सर? कसं चढलं!” तो पंखांवरून हात फिरवू लागला. “या पंखांकडे मी कधी धड बघितलंच नाही. सगळा जीव बॉयलरमध्ये अडकलेला.”

बोलता बोलता तो थांबला.

“पण सर... हे तर वाफेवाचून उडालं. मग माझ्या इंजिनाचं काय? विमानाला त्याचा किती जोर लागेल?”

सर वाकले. गवतातला बॉयलर उचलून त्यांनी त्याच्या हाती ठेवला.

“मला काय विचारतोस? पंखांना विचार, किती कमी जोर पुरेल.”