फुटक्या होडीतला समुद्र

फार फार पूर्वी, माणसं आणि जनावरं एकमेकांशी सुखदुःखाचं बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर खुशाल समुद्राला जाऊन विचारा!

किनाऱ्यावरच्या एका गावात पोशा नावाचा कोळी राहायचा. त्याला एकुलती एक लेक, नागी. जन्मापासून पोरीच्या पायांत बळ नव्हतं. बाप दिवसभर होडीवर, आणि ही उंबऱ्यात बसून लाटांचा नुसता आवाज ऐकायची. पोशाचं काळीज तुटायचं. मग त्याने दारात एक दगडी डोणी ठेवली. तीत समुद्राचं पाणी भरलं, शेवाळलेले दगड मांडले आणि चार पट्टेरी मासे सोडले. त्यांच्यासोबत शंखात राहणारा एक म्हातारा खेकडाही आला. नागी त्यांच्याशी तासन्‌तास बोलायची. तिचा समुद्र तेवढाच.

मासे वाढले. डोणीत त्यांना वळायलाही जागा पुरेना.

"बाबा, ह्यांना मोठं घर कर ना," नागी म्हणाली.

पोशाची परिस्थिती बेताची. नवी डोणी घडवायची तर पाथरवटाला द्यायचं काय? पण माणूस डोकेबाज! शेजारी धाकोजीची फुटकी होडी वाळूत पडून होती, ती त्याने मागितली.

"होडी ने, आणि तुझी डोणी माझ्या म्हशींना पाणी प्यायला दे," धाकोजी म्हणाला. "घाई नाही हो, सवडीने दे."

पोशाने फटी बुजवल्या आणि होडी दारात आणली. आजवर होडी पाण्यात होती, आता पाणी होडीत! ही नवलाई बघायला सगळं गाव उद्या येणार असं ठरलं. इथेच माशी शिंकली.

पोशाने दगड बाहेर काढले आणि राखेने घासायला घेतले.

"अरे, दगड घासू नकोस," खेकडा कळवळून म्हणाला. "त्या शेवाळानेच पाणी निवळ राहतं. आणि डोणी इतक्यात देऊन टाकू नकोस. मी जन्मभर घरं बदलत आलोय बाबा. नव्या शंखात शिरलो तरी जुना जवळ ठेवतो. नवं मानवलं की मगच तो सोडतो. थोडं थांब, पाणी मुरू दे."

"मुरायला ते काय लोणचं आहे?" पोशा हसला. "उद्या गाव येणार आणि मी शेवाळ दाखवू?"

दगड लखलखले. मासे होडीत गेले, मागोमाग खेकडाही. डोणी त्याच संध्याकाळी धाकोजीच्या गोठ्यात पोचली.

गाव आलं, 'वा पोशा, वा!' म्हणालं आणि आपापल्या घरी गेलं. नागीने तर टाळ्या पिटल्या.

पण थोड्याच दिवसांत पाणी गढूळ झालं, त्याला वास येऊ लागला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

"बाबा, ह्यांना जुन्या घरात ने! लवकर ने!" नागी रडू लागली.

पोशा धावत गोठ्यात गेला. धाकोजीने डोणीचा खारटपणा जावा म्हणून ती आतून चुन्याने धुवून काढली होती. आता तिच्यात मासा जगणार कसा? पोशा रिकाम्या हातांनी परतला, तेव्हा तीन मासे उलटे तरंगत होते.

चौथा अजून तग धरून होता. पोशाने हंडीत ताजं समुद्राचं पाणी आणलं आणि त्याला त्यात घेतलं.

"ह्याला तरी वाचवतो बघ, पोरी. सगळं पुन्हा नीट करतो."

नागीने डोळे पुसले. "नको बाबा. त्याला समुद्रात सोड. तिथे कुणी दगड घासत नाही."

पोशाने खाली मान घातली. मासा आणि खेकडा, दोघांनाही तो लाटांत सोडून आला. पुढे त्या होडीत दगडांवर पुन्हा शेवाळ धरलं, पाणीही निवळलं. पण नागीने त्यात मासा सोडू दिला नाही.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: नवं घर मानवेपर्यंत जुन्याचा आधार सोडू नये.