खारीचे चिंचोके

एका जंगलात, जिथे भर उन्हाळ्यात नदीचे तीन डोह तेवढे उरत, तिथे अर्जुनाच्या झाडावर एक म्हातारी खार राहत असे. वरच्या डोहाच्या काठी जांभूळ होतं, मधल्याच्या काठी चिंच आणि खालच्याच्या काठी करंज. तिन्ही डोहांच्या वाटा अर्जुनाखालूनच फुटत. त्यामुळे सगळं रान खारीच्या डोळ्यांदेखत पाण्याला जाई आणि बडबडत परत येई. खार म्हातारी झाली होती खरी, पण तिचे कान म्हातारे झाले नव्हते. आणि मुलांनो, तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. जे शिकली ते चुकून शिकली. ती चूक आधी ऐका.

त्या रानाची एक वाईट खोड होती. तिथे आपलं दुखणं कुणी सांगत नसे. दुबळा दिसला की त्याच्यावर झडप पडणारच, मग सांगेल कोण? पण जीभ गप्प बसत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा सगळा कारभार. डुकरं हरणांचं सांगत, हरणं वानरांचं आणि वानरं सगळ्यांचं.

चैत्रात एके दिवशी कावळा ओरडत आला, "वानरांत मरी आली! टपाटप पडतायत!" पाठोपाठ सातभाई आले आणि सातांनी सात वेळा तेच सांगितलं. मग चार पोपट तेच घोकत गेले. खारीने बोटांवर मोजलं. बारा तोंडं! बारा जण खोटं कसं बोलतील? ती शेंड्यावर चढली आणि जीव तोडून ओरडली, "पळा! मरी आली, पळा!"

रान उधळलं. त्या पळापळीत हरिणीच्या पाडसाचा पुढचा पाय दगडात अडकून पिरगळला. संध्याकाळी कळलं की एका वानराने मोहाची फुलं पोटाला तड लागेपर्यंत खाल्ली होती आणि तो फांदीवरून पडून तिथेच घोरत होता. उठल्यावर जांभई देत म्हणाला, "सगळे गेले कुठे?"

कोल्हा तर लोळून हसला. "म्हातारे, पराचा कावळा ऐकला होता. तू तर कावळ्याची मरी केलीस!"

खारीला ते लागलं नाही. लागलं ते हरिणीचं वागणं. ती लंगडणारं पाडस घेऊन अर्जुनाखालून गेली, वर पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर खारीने सहा परत दिल्या असत्या. पण त्या न बोलण्याला उत्तर काय देणार?

दुसऱ्या दिवसापासून खारीने नवं काम मांडलं. अर्जुनाच्या खोडात सुतारपक्ष्याने सोडून दिलेली तीन भोकं होती. पहिलं, डोळ्यांनी पाहिलेल्या बातमीचं. दुसरं, नुसत्या ऐकलेल्या बातमीचं. तिसरं, भांडणं आणि फुशारक्यांचं. ते तिसरं आठ दिवसांतच भरून वाहू लागलं. बातमी ज्या डोहाकाठची, त्या डोहाच्या झाडाची एक बी ती भोकात टाकी. जांभळाच्या डोहाला जांभळाची, चिंचेच्या डोहाला चिंचोका, करंजाच्या डोहाला करंजाची.

"अस्वल आंधळं झालं!" कावळा म्हणे.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं."

"कुणाकडून?"

"सातभाईंकडून."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

कावळा मान खाजवी. "मीच, बहुतेक."

"मग आठ चोची असल्या तरी बी एकच. आणि ती दुसऱ्या भोकात. चल, नीघ."

रानाला हा मोठा विनोद वाटला. "आजी, चहाड्यांचं लोणचं घालणार का?" वानरांची पोरं विचारत. आजी म्हणे, "घालते. तुमच्याच शेपटीची फोडणी देऊन." पण बी टाकल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

वैशाख आला. ऊन असं की दगड तडकावेत. बातम्या येत होत्या, पण कशा? अगदी फुसक्या. डुकरीण म्हणाली, "हरणं हल्ली गवत अर्धं टाकून सावलीत बसतात. माजलीयत, दुसरं काय." हरिणी म्हणाली, "डुकरांच्या वाटेने जाववत नाही, पातळ घाण सगळीकडे." वानर म्हणालं, "मोर नाचायचे थांबले. दोघे करवंदीच्या जाळीत पडून असतात." मोर म्हणाला, "वानरांची पोरं आयांना चिकटून आहेत, उड्या नाहीत की माकडचेष्टा नाहीत. बरंच झालं." आणि प्रत्येक जण जाता जाता सांगे, "आमचं मात्र सगळं उत्तम हं!"

मरी कुणीच म्हटलं नाही. कावळासुद्धा नाही. कोण कुणाचं काय सांगतंय हे खारीने मनात मांडून पाहिलं. एक डुकरांचं, एक हरणांचं, एक मोरांचं. कशाचा कशाला मेळ नाही. कंटाळून तिने पहिलं भोक फांदीवर रिकामं केलं. दुखण्याखुपण्याच्या बिया आठवून आठवून एकीकडे काढल्या आणि तिची शेपटी ताठ झाली.

नऊ चिंचोके होते. करंजाची बी एकही नाही. जांभळाची एक होती, पण ती अस्वलाच्या पायात काटा गेला त्याची.

या वेळी ती ओरडली नाही. आधी खाली उतरली आणि चिंचेच्या डोहावर मासे मारणाऱ्या खंड्याला शोधायला गेली. तो भेटला जांभळाच्या डोहावर.

"अरे, तू इथे कसा?"

"चार दिवस झाले. तिकडचे मासे उलटे तरंगतात. मेलेलं मी खात नाही."

"मग मेल्या, सांगायचं नाहीस?"

"विचारलं कुणी?" खंड्या म्हणाला. आणि मुलांनो, खरंच कुणी विचारलं नव्हतं.

खार थेट वाघाच्या दरबारात गेली. दरबारात शिकार होत नसे, पण दरबार उठल्यावर कुणाच्या मागे जायचं हे वाघ तिथेच बसून हेरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"महाराज," कोल्हा म्हणाला, "म्हातारीची मरी परत आली!"

"मरी म्हणाले का मी?" खार कडाडली. "महाराज, रोग कोणता ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही. नऊ जणांनी स्वतः पाहिलेल्या नऊ गोष्टी आहेत आणि नऊही चिंचेच्या डोहावर पाणी पिणाऱ्यांच्या. खंड्या तिथले मासे सोडून गेलाय. आठ दिवस तो डोह बंद करा."

"आणि खोटं निघालं तर?" वाघाने विचारलं.

"तर आठ दिवस दोन डोहांवर गर्दी सोसावी लागेल आणि मी हे झाड सोडून जाईन. पण खरं निघालं आणि आपण बसून राहिलो, तर गर्दी करायला कुणी उरायचं नाही."

"कोण आजारी आहे इथे?" कोल्ह्याने दरबारावर नजर फिरवली. "हात वर करा पाहू!"

कुणी हललं नाही. वाघ समोर बसलेला असताना कोण हलणार? खारीला वाटलं, गेलं आपलं झाड. तेवढ्यात मागून हरिणी पुढे आली. तीच हरिणी.

"माझं पाडस," ती म्हणाली. "पायाचं नव्हे. परवापासून उठलं नाही. हगवण थांबत नाही. आम्ही चिंचेखालीच पितो."

कोल्ह्याने वाघाकडे पाहिलं. वाघाने हरिणीकडे पाहिलं. डुकरीण घसा खाकरून म्हणाली, "माझी पण दोन." वानर म्हणालं, "आमची पाच." मोराने पिसारा आवळून घेतला. "ऊन फार म्हणून नाचत नाही असं नव्हे," तो पुटपुटला.

वाघ बसल्या जागी चुळबुळला. मग हळूच म्हणाला, "मीही चिंचेखालचंच पितो. तीन दिवस झाले..." पुढचं त्याने सांगितलं नाही. पण पोट आवळून तो जसा घाईघाईने झाडीत गेला, त्यावरून दरबाराला कळायचं ते कळलं. कोल्हा तर त्याच्या वाटेतून उडीच मारून बाजूला झाला.

त्याच दिवशी डुकरांनी काटेरी फांद्या ओढून चिंचेची वाट बुजवली. वानरांनी चिंचेच्या मुळ्यांखाली डोकावून पाहिलं, तर पाण्यात गव्याचं मेलेलं वासरू अडकलं होतं, सडून फुगलेलं. दोन मोर आणि डुकरिणीचं एक पिल्लू वाचलं नाही. बाकीचे जांभळाचं आणि करंजाचं पाणी पिऊन हळूहळू सावरले. पाचव्या दिवशी पाडस उठलं.

हरिणी त्याला घेऊन अर्जुनाखालून जात होती. तीन पाय नीट टाकून चौथा ओढत पाडस चाललं होतं. हरिणी थांबली आणि तिने वर पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "आज माझं पाडस खोकतंय. रात्री दोनदा खोकलं. मी स्वतः पाहिलं. करंजाच्या डोहाकाठी."

खारीने करंजाची एक बी उचलली आणि पहिल्या भोकात टाकली.

तात्पर्य : एकच बातमी बारा तोंडांनी आली तरी ती एकच असते, पण डोळ्यांनी पाहिलेल्या लहानसहान गोष्टी निवडून एकत्र मांडल्या, तर येणारं संकट आधी दिसतं. आणि जो आपलं दुखणं झाकतो, तो शेजाऱ्यालाही बुडवतो.