शिवेचा नारळ

“तीनदा विचारलं होतं तुम्हाला, आबा! तीनदा! मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

डॉ. हृषीकेश आगटे ताडकन उभा राहिला. होडी डुचमळली.

“खाली बस,” बुधाजी तांडेल म्हणाले. “दर्यात आसंव.”

आगटे बसला. पण नुसता धुमसत होता.

पाण्याखाली गेलेले किनारे शोधणं हे त्याचं काम. हजारो वर्षांपूर्वी समुद्र मागे होता, किनारा पार पुढे होता. तिथे माणसं राहिली असणार, त्यांच्या खुणा हुडकायच्या. पाच वर्षांपूर्वी तो पुण्याहून इथे आला तेव्हा त्याला होडीत धड बसताही येत नव्हतं. ओकून ओकून बेजार. वारा कसा ओळखायचा, पाण्याची ओढ कशी बघायची, सगळं या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने शिकवलं. आगटे त्यांना गुरू मानायचा. निदान चारचौघांत तसं सांगायचा तरी.

शिमग्याच्या आदल्या दिवशी तांडेलांच्या घरातला कर्ता माणूस दीड मैल आत जाऊन नारळ सोडतो. आगटेला हे पाच वर्षं ठाऊक होतं. देवधर्माचं काहीतरी असेल, आपल्याला काय करायचंय, म्हणून एकदाही आला नाही. शहाणाच की नाही! आज आला तोही काम संपलं म्हणून, गंमत बघायला.

बुधाजींनी इंजिन बंद केलं, नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! वर्सभर जी पोरांबाळां दर्यात जातत, तेंका सांभाळ. ही तुझी शीव, हो तुझो नारळ. गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आगटे सवयीने म्हणाला.

आणि मग त्याच्या डोक्यात शिरलं, आपण काय ऐकलं ते.

शीव...?

गावाची शीव इथे? भर समुद्रात?

त्याने पिशवीतलं जागा दाखवणारं यंत्र काढून पाहिलं. नेमकी हीच जागा. इथेच त्याने काढलेल्या समुद्रतळाच्या चित्रात चारशे मीटरची सरळ रेघ दिसली होती. आणि तिच्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘नैसर्गिक खडक’.

म्हणून हा सगळा आरडाओरडा.

“समुद्रात बुडालेलं जुनं गाव आहे का, असं सरळ विचारलं होतं मी! तुम्ही म्हणालात, नाही!”

“नाय तर नायच.”

“मग ही शीव कोणाची?”

“आमच्या गावाची.”

“तुमचं गाव तिकडे आहे!” आगटेने किनाऱ्यावरच्या माडांकडे हात केला.

बुधाजींनी तिकडे बघितलं. मग होडीखालच्या पाण्याकडे बघितलं.

“थंय पण आसा.”

आगटेने कपाळावर हात मारून घेतला. “आबा, कोडी नका घालू हो. गाव पाण्यात बुडालं की नाही?”

“गाव बुडालो असतो तर मी खंयसून इलंय?”

बुधाजींनी हातातला नारळ पाण्यात सोडला. “शीव खंय आसा, ह्या इचारलंस कधी?”

आगटेने सात महिने यंत्र ओढलं, नकाशे काढले, गावातल्या चाळीस माणसांना प्रश्नांचे कागद वाटले. त्यात ‘बुडालेले गाव’ होतं, ‘जुने अवशेष’ होतं. तुमचं गाव कुठपर्यंत आहे, एवढा साधा प्रश्न नव्हता. अरे, गावात आलेला पाहुणासुद्धा तो विचारतो!

“आबा,” तो हळूच म्हणाला, “मी दाखला देऊन बसलोय.”

“कसलो दाखलो?”

“बंदराचा उपसलेला गाळ टाकायला ही जागा ठरलीय. खाली काही जुनं नाही, असं मी लिहून दिलंय. सोमवारी सुनावणी आहे. कोणी हरकत घेतली नाही, तर मंगळवारपासून गाळ पडायला लागेल. इथे. याच्यावर.”

बुधाजी दोर गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले.

“...आणखी काय लिवलंस?”

“गावकऱ्यांना काहीही आठवत नाही, असं. आणि माहिती देणारे म्हणून... तुमचं नाव.”

“माझा नाव?”

म्हातारा उभा राहिला. पाच वर्षांत आगटेने त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

“माझ्या तोंडान माझीच शीव पुसलंस? मी नाय म्हटलंय ता बुडालेल्या गावाक! माझ्या गावाक नाय! माझो बापूस हंय नारळ सोडी, तेचो बापूस सोडी. आणि तू लिवतंस, आमका आठवणा नाय?”

आगटेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग आता कोणावर काढायचा? गुरूवर काढायचा तो सगळा काढून झाला होता.

पाणी होडीवर चुबुकचुबुक आपटत होतं.

“सोमवारी उभा राहून ‘मी चुकलो’ म्हणू?” आगटे म्हणाला. “भर सभेत? वीस वर्षं घालवलीत मी या कामात. माझ्याच सहीचा कागद मीच खोटा ठरवला, तर मला पुन्हा दारात उभं कोण करेल? दाखला मागे घेतला की मी संपलो. बुडालो मी, आबा!”

बुधाजी खाली बसले. दोर पुन्हा गुंडाळायला लागले.

“पाणी इला तेव्हा आमचे वाडवडील मागे सरले, झिला. म्हणान आमी आसंव.”