देवाच्या कमरेचा शेला

“राक्षस मोकळा, आणि देवाला बांधून ठेवायचं? हे उलटं नाही का, बाबा?”

विचारणारा मयूरेश कुलथे. शहरातून आला होता. चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं काढायचा. त्याच्या हिरोचं नाव रातवा. काळी टोपी, काळा अंगरखा, रात्री छपरांवरून जाऊन गुंडांना गाठतो. पोरांपासून बापयांपर्यंत सगळे वाचतात म्हणे. मी वाचलं नाही. मला अक्षर लागतं तेच मुळात अडखळत.

लाहनूबाबा भोये ओट्यावर नरसिंहाचा मुखवटा घासत बसला होता.

आमच्या गावात बोहाडा होतो. मुखवटे घालून देवांची नि राक्षसांची सोंगं नाचतात. नरसिंह निघाला की त्याच्या कमरेला शेला बांधतात आणि मागून गडी तो ओढून धरतात. हिरण्यकश्यपूला कुणी धरत नाही. बाबाने उभा जन्म नरसिंह नाचवला. शेला धरायला मी असायचो.

बाबा घासत राहिला.

“मी काहीतरी विचारलं, बाबा.”

“ऐकलं.”

...

भर दुपार होती. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

“राक्षसाला ठाऊक असतं आपण वाईट आहोत,” बाबा म्हणाला. “तो जपून असतो.”

मयूरेश हसला. शिकलेली माणसं म्हाताऱ्यांपुढे हसतात तसं.

“माझ्या रातव्याला कुणी बांधलेलं नाही. आधी तो गुंड पकडायचा नि पोलिसांच्या दारात टाकायचा. मिळमिळीत! लोक जांभया द्यायचे. मग मी त्याला एकाचा हात मोडायला लावला. मग एकाला जाळलं. आता दुकानांपुढे रांगा लागतात. जग काळं आहे बाबा. गोष्टही काळीच पाहिजे.”

“मग इथे काय हुडकतोस?”

“शेवटचं पान. रातवा त्या शेवटच्या गुंडाला नुसत्या हातांनी फाडतो. नरसिंहासारखा. ते खरं वाटायला पाहिजे. तुम्ही ते करून बसलाय, मला शिकवा.”

“तू काढून बघितलंस?”

“बघितलं. पण... फसतं.”

“कसं?”

“तो हसतो.”

“कोण?”

“रातवा. मी ओठ सरळ काढतो. चांगले सरळ. सकाळी बघतो तर...” त्याने खांदे उडवले. “झोप पुरत नाही माझी. दुसरं काय.”

“खोडून टाक की,” मी म्हणालो.

“खोडलं काका. कागदाला भोक पडेपर्यंत खोडलं.”

बाबाने हातातला काचकागद खाली ठेवला. तेव्हा कुठे त्याने पोराकडे पाहिलं.

“सोंग कधी संपतं?”

“राक्षस मेला की.”

“राक्षस मेला तेव्हा देव पळाले. नरसिंह थांबेच ना. लक्ष्मीसुद्धा जवळ जाईना. मग प्रल्हाद गेला. एवढंसं पोर. त्याला बघून निवला.” बाबा पुढे वाकला. “तुझ्या गोष्टीत प्रल्हाद कोण?”

“होती ना. रातव्याची धाकटी बहीण. चिमी.”

“होती?”

“मागच्या पुस्तकात मारली.”

“कुणी?”

“मी. म्हणजे गुंडांनी. रातव्याला चिडायला काहीतरी कारण नको का?”

मला राहवलं नाही. “कारण पाहिजे म्हणून पोरगी मारलीस होय रे, मुडद्या?”

“चित्रातली आहे हो काका!”

“मग हिरोही चित्रातलाच ना? तो हसला की तुला घाम का फुटतो?”

“सोमा,” बाबा म्हणाला. मी तोंड मिटलं.

...

बाबाने मुखवटा उचलून मयूरेशच्या मांडीवर ठेवला.

“घाल.”

मी खुंटीवरचा शेला काढायला उठलो.

“राहू दे तो,” बाबा म्हणाला. “त्याचा हिरो मोकळा आहे.”

“बाबा, नको. शेल्याशिवाय आजवर कुणी...”

“तू उंबरं वेचून आण. पिकलेली.”

नरसिंहाचं सोंग उतरलं की लागतात ती. झाड अंगणातच आहे. गेलो, पण डोळा मागे ठेवून.

मयूरेश दाराच्या चौकटीत बसला. घरात नाही, बाहेर नाही. सोंगात असतो तसाच. मुखवटा चढवला. बाबा त्याच्या मांडीवर आडवा झाला, सदरा वर केला. म्हातारं पोट, आत गेलेलं.

“मी ‘मेलो’ म्हणालो की सोडायचं. हात वर करायचे. रीत आहे.”

मुखवट्याने मान हलवली.

“हं. दाखव तुझं पान.”

पुष्कळ गडी मी त्या मुखवट्यात पाहिलेत. सगळे घुमतात. गुरगुरतात, थरथरतात.

हा घुमला नाही. गार झाला. श्वाससुद्धा ऐकू येईना.

बोटं पोटावर फिरू लागली. हळू, काहीतरी शोधत असल्यासारखी.

“मेलो,” बाबा म्हणाला.

बोटं फिरत राहिली.

“मेलो रे.”

मग बाबा ओरडला. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. समोरच्या पत्र्यावरून आवाज परत आला.

हातातली उंबरं टाकून मी धावलो. धरू कुठे? शेलाच नाही. मागून कमरेला मिठी घातली. हडकुळं पोरगं, पण बसक्या बैलासारखं जड झालेलं. हलेना. शेवटी मुखवट्याचे बंद तोडले आणि तो ओढून काढला.

तसा तो ढिला पडला.

चेहरा एकदम निवांत. पोटभर झोप काढून उठल्यासारखा.

“जमलं का, बाबा?” त्याने विचारलं. “जपूनच केलं मी. तुम्ही मेलो म्हणालात तिथेच सोडलं.”

मग त्याची नजर बाबाच्या पोटावर गेली. लाल ओरखडे, खोल. एकातून रक्त ओघळत होतं. त्याने आपली नखं पाहिली. पुन्हा पोट पाहिलं. पुन्हा नखं.

“हे... मी?”

...

तो अंगणात जाऊन ओकला. तिथूनच ओरडला, “काका, पाणी द्या. बोटं जळताहेत!”

मी हंडा पुढे केला. त्याने कोपरापर्यंत हात बुडवले. बाहेर काढले, पुन्हा बुडवले.

“विझत नाही हो! बघा ना, भाजलंय का कुठे?”

पाहिलं. बोटं धड होती. फोड नाही, डाग नाही. हात लावला तर थंडगार.

“पाण्याने नाही जायचं ते,” बाबा म्हणाला. एका हाताने पोट धरून तो उठला, मी टाकलेली उंबरं गोळा केली, पितळीत ठेचली आणि ती पोराच्या पुढ्यात ठेवली. “घाल आत. देवाचीही जळली होती. लक्ष्मीने उंबरं आणली तेव्हा निवली.”

मयूरेशने बोटं गरात खुपसली. उंबरातले बारीक किडे निघाले आणि त्याच्या मनगटावर चढू लागले. त्याने झटकले नाहीत.

बराच वेळ तसाच बसून होता. मघाचा तोरा उतरला होता. नाक वाहत होतं, तेही पुसलं नाही.

“ते पान मी काढणार नाही,” तो म्हणाला.

बाबाने फडकं ओलं केलं.

“छापणारा शिव्या देईल. देऊ दे.”

बाबा त्या फडक्याने पोट पुसत होता.

...

“पण बाबा... एक सांगू? तुम्ही चुकलात.” पोराने बोटं गरात आणखी खोल दाबली. “आत काही दिसत नाही. नुसता काळोख. तुमचं ते हळू आवाजातलं मेलो मला कसं कळणार? तुम्ही ओरडायला पाहिजे होतं. एकदा जरी जोरात ओरडला असता, तरी मी तिथल्या तिथे थांबलो असतो. देवाशपथ थांबलो असतो!”

बाबाने फडकं पिळलं. लाल पाणी मातीत जिरेपर्यंत तो बघत राहिला.

“ओरडलो ना, लेकरा... तेव्हाच तर तुला जोर चढला.”