शेजारी रेंगाळणारी मावशी

माणसांना अजून नसा सापडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका बेडकाच्या अंगात मज्जातंतूंची एक गाठ होती आणि तिथे झटक्या आणि पेप्टाइड मावशी हे दोन रासायनिक दूत पेशींना निरोप पोचवायचं काम करत. झटक्या निरोप देऊन डोळ्याचं पातं लवायच्या आत परतायचा. पेप्टाइड मावशी मात्र आपल्या पेशीचं काम उरकलं की शेजारच्या पेशीकडे रेंगाळत बसायची. बेडकाच्या कातडीला बुळबुळीत रस सोडायला लावणं, हे त्या शेजारणीचं काम.

“मावशी, तिथे तुला कुणी बोलावलंय?” झटक्या करवादायचा. “निरोप ना काही, नुसत्या गप्पा!”

“ती फार झोपाळू आहे रे. जरा जागी ठेवते.”

एके दिवशी बगळ्याने बेडकाला चोचीत धरलं. झटक्या शेजारणीकडे धावला खरा, पण भीतीने त्याला आवाजच फुटेना. “र... रस...” तो कसाबसा पुटपुटला. एरवी एवढ्याने तिने कूसही बदलली नसती. पण मावशी शेजारीच बसलेली, त्यामुळे ती टक्क जागी होती. तिने कातडीला असा काही रस सोडायला लावला, की बेडूक चोचीतून सटकून काठावरच्या दगडावर आपटला.

“पाहिलंत? एका हाकेत काम!” झटक्याने छाती फुगवली आणि भाषण ठोकायला नुसता घसा खाकरला. त्याबरोबर बेडूक पुन्हा नखशिखांत बुळबुळीत झाला आणि दगडावरून घसरून पाण्यात पडला.

“हळू रे,” मावशी म्हणाली, “ती अजून जागी आहे.”