खिळ्यावरचा पेनड्राइव्ह

विणकरांच्या एका गावात संगणक दुरुस्त करणारा एकच माणूस होता, मधुसूदन तांबट. हात मोठा चपळ, पण वाचायचा भारी कंटाळा. पडद्यावर सूचना आली की हा न वाचताच 'ओके' दाबायचा. त्याच्या दुकानात खिळ्याला एक पेनड्राइव्ह टांगलेला असे. संगणक रुसला, की तो पेनड्राइव्ह लावायचा, सगळं पुसायचं आणि नव्यानं भरायचं. गाव त्याला फॉरमॅटवाले मधुभाऊ म्हणे. त्याला त्यात मानच वाटे.

एके दिवशी सकाळी यमुनाबाई साळी आपला संगणक रिक्षात घालून घेऊन आल्या. पैठणीच्या काठांचे नमुने त्या अठरा वर्षं काढत होत्या. त्यांचा प्रोग्रॅम जुना, नव्या संगणकावर चालेना. म्हणून भाच्यानं संगणकाच्या पोटातच दुसरा, जुन्या वळणाचा संगणक बसवून दिला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. तो आतला संगणक कालपासून उघडत नव्हता. नमुने सगळे त्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते, आणि गावातले सोळा माग त्यांच्यासाठी खोळंबले होते. बाईंनी हे सगळं नीट सांगितलं. मधुसूदननं हूं हूं करत निम्मंच ऐकलं.

डिस्कवर जागा उरली नाही, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं. दोनदा ओके दाबूनही सूचना हटेना, तेव्हा कुठे त्यानं ती वाचली. जागाच करायची ना, मग त्यात काय एवढं! त्यानं सगळ्यात मोठी फाइल हुडकली. नाव अनोळखी दिसलं. कायमची पुसायची का, असं संगणकानं विचारलं, आणि ह्यानं सवयीनं ओके दाबलं. मग तो आतला संगणक उघडायला गेला, तर तो जागेवर नाहीच. ती फाइल म्हणजेच तो आतला संगणक होता.

मधुसूदनच्या पायाखालची वाळू सरकली. समोर बाकावर बाई निवांत बसल्या होत्या. त्याची नजर खिळ्याकडे गेली. फॉरमॅट मारायचा आणि डिस्कच मेली होती म्हणायचं. कोणाच्या बापाला कळणार होतं? त्यानं पेनड्राइव्ह काढला, लावलाही. पण बाईंचे 'अठरा वर्षं' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. त्याला स्वतःचीच लाज वाटली. बटणावरचं बोट त्यानं उचललं आणि तो बाईंकडे वळला.

"बाई, तुमचे नमुने बिघडले नव्हते. ते मी पुसले."

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "धागा तुटला की आम्ही आधी माग थांबवतो. वर आणखी विणलं, की तुटलेलं टोक सापडत नाही. तुमच्यात काय रीत आहे?"

रीत तीच होती, मधुसूदनलाच तिचा विसर पडला होता. पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिच्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं, की मग जाते. त्यानं संगणक तिथल्या तिथं बंद केला, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि पुसलेली फाइल शोधायला लावली. बाई जागच्या हलल्या नाहीत. दुपार कलली तेव्हा फाइल हाती लागली, आणि आतला संगणक कुरकुरत का होईना, उघडला. तीन नमुने गेले होते, बाकी सगळे होते. गेलेल्यांत बाईंचा सगळ्यात लाडका मोर होता. तो पुन्हा काढीन, एवढंच त्या म्हणाल्या.

मधुसूदननं खिळ्यावरचा तो पेनड्राइव्ह रिकामा केला, त्यात हाती लागलेल्या सगळ्या नमुन्यांची प्रत भरली आणि बाईंच्या हाती दिली. त्यानंतर त्या खिळ्याला त्यानं दुसरा पेनड्राइव्ह कधी टांगला नाही.

तात्पर्य: चूक झाली की हात थांबवावा आणि तोंड उघडावं, झाकायला गेलं, की वाचू शकलं असतं तेही हातचं जातं.